दख्खनच्या माशांचे नोंदकार : कर्नल साइक्स

नाशिक जिल्ह्यातील एखाद्या खेड्याच्या तळ्यावर पहाटेच्या वेळी गेले, तर पाणी अगदी निवांत दिसते. काठच्या बाभळीवर खंड्या टक लावून बसलेला असतो. उथळ पाण्यात बगळा निश्चल उभा असतो. पाण्यावर मधूनच एखादे वर्तुळ उमटते आणि विरून जाते. त्या पाण्याखाली किती मासे आहेत, ते कोणकोणत्या जातींचे आहेत, गेल्या वर्षाहून ते वाढले की घटले, हे काठावरच्या माणसाला सांगता येत नाही. रानातले झाड तोडले, तर त्याचा बुंधा मागे उरतो. रानातून एखादा पक्षी नाहीसा झाला, तर त्याचा आवाज थांबल्याचे कानांना कळते. तळ्यातील एखाद्या जातीचा शेवटचा मासा संपला, तरी पाणी मात्र पूर्वीसारखेच चमकत राहते.

तळ्यात जाळे टाकणाऱ्या भोयाला किंवा कोळ्याला मात्र पाण्याखालचे हे जग ठाऊक असते. जाळ्यात आलेला प्रत्येक मासा तो नावाने ओळखतो. ही मरळ, ही वाम, हा शिंगटा, असे तो पाहता क्षणीच सांगतो. ही नावे शेकडो वर्षे बापाने मुलाला सांगितली आणि मुलाने आपल्या मुलाला. ती कोणी लिहून ठेवली नव्हती. सुमारे दोनशे वर्षांपूर्वी एका माणसाने ती विचारून घेतली, त्या त्या माशाचे वर्णन केले आणि ते सारे जगातील विद्वानांपुढे ठेवले. हा माणूस प्राणिशास्त्राचा अध्यापक नव्हता. तो ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतील एक अधिकारी होता. त्यांचे नाव विल्यम हेन्री साइक्स.

साइक्स यांचा जन्म २५ जानेवारी १७९० रोजी झाला. त्यांचे घराणे इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यातले. ज्या वयात मुले शाळेत जातात, त्या वयात त्यांनी सैन्याचा मार्ग धरला. १८०३ मध्ये, अवघ्या तेराव्या वर्षी, कंपनीच्या फौजेतील उमेदवार म्हणून त्यांची निवड झाली, आणि पुढल्याच वर्षी ते मुंबई इलाख्याच्या सैन्यात अधिकारी झाले. १८०५ मध्ये लॉर्ड लेक याने भरतपूरच्या किल्ल्याला वेढा घातला, तेव्हा हा पंधरा वर्षांचा मुलगा त्या फौजेत होता.

पुढे १८१७ मध्ये पेशवे आणि इंग्रज यांच्यात युद्ध पेटले. ५ नोव्हेंबर रोजी खडकीच्या माळावर जी लढाई झाली, तीत आणि तिच्यामागून पुण्याजवळ झालेल्या लढाईत साइक्स यांनी देशी शिपायांच्या तुकडीचे नेतृत्व केले. नंतर डोंगरी किल्ले घेण्याच्या मोहिमेतही ते होते. मराठी माणसाच्या दृष्टीने ते शत्रुपक्षाचे सेनानी होते, हे विसरता येत नाही. ज्या प्रदेशाचे स्वातंत्र्य हिरावून घेण्यात त्यांचा हात होता, त्याच प्रदेशाच्या नद्या, पक्षी आणि मासे यांचा अभ्यास करण्यात पुढे त्यांच्या आयुष्यातील उमेदीची वर्षे गेली. इतिहासात अशा विलक्षण गोष्टी घडतात.

लढाईच्या धामधुमीतही त्यांचे कुतूहल जागे होते. वेरूळच्या लेण्यांचे वर्णन करणारा त्यांचा लेख १८२० च्या सुमारास प्रसिद्ध झाला. त्यानंतर ते रजेवर युरोपात गेले आणि तेथे त्यांनी बराच प्रवास केला. १८२४ मध्ये ते हिंदुस्थानात परतले, तेव्हा मुंबईचे गव्हर्नर असलेल्या माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी त्यांच्यावर एक नवे काम सोपविले. दख्खनचा मुलूख नव्याने कंपनीच्या ताब्यात आला होता. तेथे गावे किती, माणसे किती, जमीन कशी, पीक काय येते, बाजारात भाव काय, याची पक्की माहिती सरकारला हवी होती. शेतसारा ठरविण्यासाठी आणि राज्य चालविण्यासाठी ती आवश्यक होती. ही माहिती गोळा करण्यासाठी साइक्स यांना सांख्यिकी वृत्तान्त अधिकारी नेमण्यात आले.

त्यांचा मुलूख फार विस्तीर्ण होता. पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड असे तेव्हाचे चार जिल्हे त्यात येत होते. आजच्या नाशिक जिल्ह्याला तेव्हा स्वतंत्र अस्तित्व नव्हते. त्याचा प्रदेश अहमदनगर आणि खानदेश यांच्यात वाटलेला होता, आणि नाशिक हा वेगळा जिल्हा पुढे १८६९ मध्ये झाला. म्हणजे सह्याद्रीच्या माथ्यापासून पूर्वेच्या मैदानांपर्यंतचा, गोदावरी आणि भीमा यांच्या खोऱ्यांचा मोठा भाग साइक्स यांच्या कामाखाली आला होता.

सरकारला हवे होते ते आकडे. साइक्स यांनी ते गोळा केलेच. पण एखाद्या मुलखाची माहिती म्हणजे केवळ माणसांची आणि सारा देणाऱ्या शेतांची माहिती, असे त्यांना वाटत नव्हते. त्यांनी हवेचा दाब मोजणारे यंत्र बरोबर ठेवले. दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी ते त्याचे आकडे टिपून ठेवीत. पाऊस, उष्णता आणि वारा यांच्याही नोंदी त्यांनी केल्या. त्यांनी पक्षी आणि सस्तन प्राणी अभ्यासले. त्यांच्या यादीत दोनशेहून अधिक पक्षी आहेत. माळावर आढळणारा एक तांबूस चंडोल आजही जगात साइक्सचा चंडोल म्हणून ओळखला जातो. मराठी मुलखात कोळसुंदा या नावाने परिचित असलेल्या रानकुत्र्याचे वर्णनही त्यांनी केले. आणि मग त्यांचे लक्ष नद्यांकडे वळले.

पक्षी दुरून पाहता येतो. मासा पाहायचा, तर तो पाण्याबाहेर यावा लागतो, आणि तो बाहेर आणण्याची विद्या भोई आणि कोळी यांच्या हातांत होती. कोणता मासा डोहात राहतो, कोणता खडकाला चिकटून असतो, कोणता गळाला लागतो आणि कोणता पागाशिवाय सापडत नाही, हे त्यांना ठाऊक होते. साइक्स यांनी माशांसाठी मुळा-मुठा, भीमा, इंद्रायणी, घोड अशा नद्या धुंडाळल्या. मासा मिळाला की त्याच्या मिशा किती, प्रत्येक परात काटे किती, खवले लहान की मोठे, तोंड वर वळलेले की खाली, रंग कसा, हे सारे ते नोंदवीत. त्याबरोबरच त्या माशाला लोक काय म्हणतात, तेही ते लिहून घेत.

ही शेवटची गोष्ट लहान वाटली, तरी तिचे मोल मोठे आहे. नव्या प्राण्याला शास्त्रीय नाव देताना विद्वान मंडळी बहुधा ग्रीक किंवा लॅटिन शब्द शोधतात, किंवा एखाद्या मोठ्या माणसाचे नाव देतात. साइक्स यांनीही काही नावे तशी दिली. एका अहिराला, म्हणजे गोड्या पाण्यातील सापासारख्या लांब माशाला, त्यांनी एल्फिन्स्टन यांचे नाव दिले. पण पुष्कळ माशांच्या बाबतीत त्यांनी नदीकाठच्या लोकांच्या तोंडचे नावच शास्त्रात नेले. पुण्याच्या पूर्वेस काही मैलांवर मुळा-मुठेत मिळालेल्या मोठ्या खवल्यांच्या एका माशाला त्यांनी खुद्री म्हटले. हा महाशीरांपैकी एक. इंद्रायणीतल्या एका माशाच्या तोंडावर शिंगासारखा पुढे आलेला उंचवटा होता. त्याचे नाव नुक्ता. शिंगट्याचे नाव शिंगटी असे शास्त्रात गेले, आणि भीमेतल्या एका चपट्या, चंदेरी माशामुळे रोहटी या नावाची एक स्वतंत्र प्रजातीच निर्माण झाली. जगाच्या कोणत्याही टोकाला बसून एखादा संशोधक आज या माशांबद्दल लिहू लागला, तर त्याला हे देशी शब्द लिहावे लागतात. ज्या भोयांनी ते सांगितले, त्यांची नावे कोणी टिपली नाहीत; त्यांचे शब्द मात्र टिकले.

या मुलखात माशांचा विचार त्यापूर्वी कोणी केलाच नव्हता, असे नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात मानसोल्लास हा संस्कृत ग्रंथ रचला. मराठी भाषेच्या अभ्यासकांना तो प्राचीन मराठीच्या खुणांसाठी प्रिय आहे. त्या ग्रंथात मत्स्यविनोद नावाचे एक प्रकरण आहे. माशांचे खवल्यांचे आणि बिनखवल्यांचे असे प्रकार, त्यांचे खाद्य, गळ टाकण्याची रीत, हे सारे त्यात सांगितले आहे. मात्र ती राजाची करमणूक होती. दख्खनच्या नद्यांतील माशांचे आधुनिक शास्त्राच्या पद्धतीने व्यवस्थित वर्णन प्रथम साइक्स यांच्या हातून झाले.

काम रंगात आले असतानाच एक आघात झाला. १८२९ च्या डिसेंबर महिन्यात सरकारने त्यांचे पदच रद्द केले. पाच वर्षांचे टिपण अपुरे होते. सैनिक म्हणून पलटणीत परतावे आणि कागद बांधून ठेवावेत, हा मार्ग सोपा होता, आणि त्यात त्यांना कोणी दोष दिला नसता. साइक्स यांनी तसे केले नाही. त्यांनी लष्करी कामातून रजा मिळविली आणि उरलेले काम स्वतःच्या खर्चाने पुढे चालविले. तेरा महिने हा क्रम चालला. जानेवारी १८३१ मध्ये त्यांनी आपला वृत्तान्त पुरा केला आणि मगच ते मायदेशी जाणाऱ्या जहाजावर चढले. सरकारने सांगितले म्हणून सुरू केलेले काम सरकारने सोडले, तरी त्यांनी सोडले नाही. त्यांच्या चरित्रात सर्वांत लक्षात ठेवण्याजोगा प्रसंग कोणता असेल, तर तो हाच होय.

इंग्लंडमध्ये १८३३ साली त्यांनी कर्नलच्या हुद्द्यावर लष्करी सेवेतून निवृत्ती घेतली. त्यानंतर त्यांच्या टिपणांतून एकामागून एक लेख बाहेर पडू लागले. दख्खनच्या हवामानावरील त्यांचा निबंध १८३५ मध्ये रॉयल सोसायटीने छापला. माशांवरील निबंध १८३८ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळापुढे वाचला गेला, आणि १८४१ मध्ये चित्रांसह तो सविस्तर प्रसिद्ध झाला. त्यात चाळीसहून अधिक जातींचे वर्णन होते आणि त्यांतील बहुतेक जाती शास्त्राला नव्या होत्या.

त्यांचे पुढचे आयुष्यही उद्योगात गेले. १८३४ मध्ये लंडनमध्ये सांख्यिकी मंडळ स्थापन झाले. आकड्यांच्या साहाय्याने समाजाची स्थिती जाणून घेणाऱ्या या मंडळाच्या संस्थापकांत ते होते, आणि पुढे ते त्याचे अध्यक्षही झाले. १८४० मध्ये ते ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालक मंडळावर निवडून आले आणि १८५६ मध्ये त्याचे प्रमुख झाले. १८५७ मध्ये ॲबरडीन शहराने त्यांना पार्लमेंटात पाठविले आणि अखेरपर्यंत ते त्या शहराचे प्रतिनिधी राहिले. १६ जून १८७२ रोजी लंडनमध्ये त्यांचा मृत्यू झाला. त्या वेळी त्यांचे वय ८२ वर्षांचे होते.

थोर माणसाच्या कामातील उणिवाही सांगितल्या पाहिजेत. साइक्स यांनी दख्खनच्या पाण्यात कोणते मासे आहेत, हे सांगितले. ते किती आहेत, हे सांगितले नाही. आकड्यांचा एवढा व्यासंग असलेल्या माणसालाही पाण्याखालची शिरगणती करता आली नाही. शिवाय त्यांनी ज्या माशांवरून वर्णने लिहिली, त्यांपैकी अनेकांचे नमुने आज कोठेही आढळत नाहीत. त्यामुळे एखाद्या नावाचा नेमका मासा कोणता, असा वाद उद्भवला, की संशोधकांना साइक्स यांनी सांगितलेल्या त्याच नदीवर जावे लागते आणि तेथे तो मासा पुन्हा शोधावा लागतो.

माशांची संख्या घटते का, हा प्रश्न त्यांच्यानंतर फ्रान्सिस डे या डॉक्टराने हाती घेतला. १८७३ मध्ये त्यांनी हिंदुस्थानातील गोड्या पाण्याच्या मासेमारीवर अहवाल सादर केला. मासे कमी का होतात, याचे उत्तर त्यात होते. पहिल्या पावसात नद्यांना आणि ओढ्यांना नवे पाणी येते. तेव्हा पोटात अंडी असलेले मासे प्रवाहाच्या उलट दिशेने वर चढतात आणि उथळ पाण्यात, कधी भातखाचरांतसुद्धा, अंडी घालतात. लोक त्यांना चढणीचे मासे म्हणतात. त्या वेळी ओढ्याच्या तोंडाशी सापळा लावला, तर एका माशाबरोबर त्याच्या पोटातील हजारो अंडीही नष्ट होतात. जाळ्याचे डोळे फार बारीक असले, तर अंडी घालण्याच्या वयाला न पोहोचलेली पिलेही पकडली जातात. असे काही वर्षे चालले, की पाणी भरलेले राहते आणि जाळे रिकामे येते. पुढे १८९७ मध्ये मासेमारीचा कायदा झाला, आणि सुरुंगाची दारू किंवा विष पाण्यात टाकून मासे मारण्यास मनाई करण्यात आली.

साइक्स यांनी पाहिलेल्या नद्या आज तशा राहिलेल्या नाहीत. त्यांवर धरणे झाली, आणि त्यामुळे शेते भिजली, शहरांना पाणी मिळाले. नाशिकजवळ गोदावरीवर गंगापूरचे धरण आहे. त्याच्या खाली, गोदावरी आणि कादवा यांच्या संगमापाशी, नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा आहे. तेथील उथळ जलाशयावर हजारो पक्षी उतरतात, आणि २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर पाणथळ स्थळ म्हणून त्याला जागतिक मान्यता मिळाली. परंतु वाहत्या पाण्यात वाढणारा मासा बांधलेल्या पाण्यात वाढेलच, असे नसते. आणि चढणीच्या माशाची वाट बंधाऱ्यापाशी अडते. शहरांचे सांडपाणी नद्यांत उतरले. तळ्यांत गंगेच्या खोऱ्यातील कटला आणि रोहू यांचे बीज सोडण्यात आले, आणि त्यावर अनेक मच्छीमार कुटुंबांचा निर्वाह चालतो. पण १९५२ मध्ये परदेशातून भारतात आलेला तिलापिया मासा अनेक तळ्यांत झपाट्याने पसरला, आणि जागा व अन्न यांसाठी देशी माशांना त्याच्याशी झगडावे लागले. शिंगासारख्या तोंडाचा नुक्ता आता धोक्यात आलेल्या जातींच्या जागतिक यादीत आहे.

हे सारे आपल्याला कशावरून कळते? कोणे एके काळी येथे काय होते, ते कोणीतरी लिहून ठेवले, म्हणून कळते. इंद्रायणीत नुक्ता होता, अशी नोंद नसती, तर तो नाहीसा होत चालल्याची खंतही कोणाला वाटली नसती. साइक्स यांची यादी ही आज एक प्रकारची मोजपट्टी झाली आहे. तिच्याशी ताडून पाहूनच आजचे अभ्यासक काय उरले आणि काय गेले, हे ठरवितात.

त्या यादीतून बळही मिळते. जो मासा ओळखता येतो, तो वाचविता येतो. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीने १९७० नंतरच्या काळात महाशीरांची अंडी उबवून पिले वाढविण्याचे काम सुरू केले. तेथे वाढलेल्या माशांत साइक्स यांचा खुद्रीही होता, आणि त्याची पिले देशातील अनेक जलाशयांत सोडण्यात आली. रायगड जिल्ह्यातील वाळणकोंडीच्या डोहातले मासे गावकरी देवाचे मानतात आणि त्यांना कोणी मारीत नाही. एका ठिकाणी शास्त्र आणि दुसऱ्या ठिकाणी श्रद्धा एकाच माशाचे रक्षण करीत आहे.

खेड्याच्या तळ्यावर अजूनही पहाट होते. खंड्या आपल्या बाभळीवर येऊन बसतो. भोई पाग ओढतो, आणि ओल्या जाळ्यात चार-सहा जातींचे मासे चमकतात. त्यांपैकी काहींची नावे त्याच्या नातवाला येतात, काहींची येत नाहीत. नदीकाठचा एक शब्दही वाया जाऊ नये, म्हणून पदरमोड करून कागद पुरे करणाऱ्या कर्नल साइक्स यांचे काम त्या जाळ्यापाशीच सुरू झाले होते. ते अद्याप संपलेले नाही. त्याला फार मोठी साधने लागत नाहीत. एक वही लागते, जाळे टाकणाऱ्याला आदराने नाव विचारण्याची तयारी लागते, आणि पाण्याकडे पाहत राहण्याचा धीर लागतो.